समुद्री शेवाळ धमन्या वाचवील का?

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या पट्ट्यात ऑक्टोबर छाटणी उरकली की द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये खते-औषधांच्या रांगेत एक कॅन हमखास दिसतो. झाकण उघडले की आत काळपट तपकिरी द्रव आणि ओल्या किनाऱ्याचा वास. बागायतदार त्याला नुसते ‘सीवीड’ म्हणतात. समुद्र इथून घाटाखाली शंभराहून अधिक किलोमीटरवर. पण समुद्रातले शेवाळ मात्र ठिबकमधून आणि ब्लोअरमधून नाशिकच्या वेलींपर्यंत पोहोचते. फूट जोमदार निघावी, वेलीने उन्हाचा-थंडीचा ताण सोसावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून अशा अर्कांना ‘जैवउत्तेजक’ म्हणून कायद्याच्या चौकटीतही आणले.

हेच शेवाळ आता दुसऱ्या वाटेनेही घरात येऊ लागले आहे. ऑनलाइन दुकानांत ‘फुकॉयडन’, ‘केल्प’ अशा नावांच्या कॅप्सूल मिळतात. त्यांच्या जाहिरातींत रक्तवाहिन्यांचे आरोग्य, कोलेस्टेरॉल, रक्ताभिसरण हे शब्द वारंवार येतात. पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा, वडिलांना किंवा काकांना हृदयविकाराने गमावलेला माणूस ते वाचतो आणि थबकतो. त्याची भीती निराधार नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आलेला दिसला. इतर देशांत हेच वय ५९च्या आसपास होते. म्हणजे आपल्याकडे जवळपास सहा वर्षे आधी.

मग शेवाळात खरेच काही आहे का? आहे. पण ते नेमके काय आहे आणि ते माणसाच्या धमनीपर्यंत पोहोचते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

समुद्री शेवाळ आपल्याला वाटते तितके परके नाही. उपवासाला किंवा पाहुण्यांसाठी केलेल्या पुडिंगमधले चायना ग्रास म्हणजे लाल शेवाळापासून काढलेले आगर. आइस्क्रीम आणि टूथपेस्टला दाटपणा देणारे कॅराजिनन हेही लाल शेवाळाचे. कवळी बसवण्यापूर्वी दंतवैद्य दातांचा ठसा घेतात ती गुलाबी-निळी लगदी बहुधा अल्जिनेटची असते, आणि अल्जिनेट तपकिरी शेवाळातून येते. भारताच्या किनाऱ्यावर शेवाळाच्या ८४० हून अधिक जातींची नोंद आहे. मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी सरगॅसम, उल्वा सहज दिसतात. कोकणी जेवणात माशांची एवढी रेलचेल, पण शेवाळ मात्र ताटात आले नाही. जपान आणि कोरियात ते रोजच्या जेवणात आहे, म्हणूनच त्याच्या आरोग्यावरील परिणामांचा अभ्यासही तिकडेच अधिक झाला.

धमनी आतून कशी बिघडते

शेवाळाचा दावा तपासायचा तर आधी धमनीत काय घडते ते पाहायला हवे. ‘नळीत चरबी साचते आणि नळी तुंबते’ असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. घरातल्या सिंकच्या पाइपावरून आलेले हे चित्र अर्धेच खरे आहे. चरबी नळीच्या पोकळीत साचत नाही, भिंतीच्या आत साचते.

धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पातळ थर असतो. त्या पेशींवर साखरेच्या साखळ्यांचे आणि प्रथिनांचे एक अतिशय नाजूक, लवलवते आवरण असते. त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. नदीच्या तळाशी दगडांवर वाढलेल्या बुळबुळीत हिरव्या थराची कल्पना केली तर साधारण अंदाज येईल. रक्तातले नको ते कण भिंतीला चिकटू न देणे आणि रक्तप्रवाहाचा वेग पेशींना कळवणे ही त्याची कामे. तंबाखूचा धूर, वाढलेली साखर, उच्च रक्तदाब यांनी हे आवरण झिजते. मग एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण भिंतीत शिरतात, तिथे त्यांच्यात रासायनिक बदल होतो, आणि त्यांना गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तिथेच अडकतात. वर्षानुवर्षे हे चालले की भिंतीत गाठ तयार होते. छातीत दुखायला लागण्यापूर्वी २०-३० वर्षे हा उद्योग गुपचूप चालू असू शकतो. शेवटी एखाद्या दिवशी गाठीवरचे टोपण फाटते, त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद पडते. झटका येतो तो या गुठळीमुळे.

म्हणजे औषधाला शिरकाव करायला बऱ्याच जागा आहेत: आवरण सांभाळणे, एलडीएल कमी करणे, दाह शमवणे, गुठळी रोखणे. शेवाळातल्या वेगवेगळ्या घटकांनी प्रयोगशाळेत यातल्या जवळजवळ प्रत्येक जागी काही ना काही करून दाखवले आहे. आशा निर्माण होते ती इथेच.

डुकराचे आतडे आणि समुद्राची साखर

अँजिओप्लास्टी असो की डायलिसिस, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन वापरतात. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्या कामातून त्याचा शोध लागला. रासायनिकदृष्ट्या हेपॅरिन म्हणजे गंधकयुक्त गट जोडलेली साखरेची लांब साखळी. आजही ते मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढतात. २००७-०८ मध्ये चीनमधून आलेल्या कच्च्या मालात भेसळ निघाली आणि अमेरिकेत अनेक रुग्ण दगावले. तेव्हापासून प्राण्यांवर अवलंबून नसलेल्या पर्यायाचा शोध अधिक नेटाने सुरू झाला.

समुद्री शेवाळात अशाच गंधकयुक्त साखळ्या मुबलक असतात. जमिनीवरच्या वनस्पतींत त्या जवळपास आढळतच नाहीत. तपकिरी शेवाळातला फुकॉयडन त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. स्वीडनच्या हॅराल्ड क्युलिन यांनी १९१३ मध्ये त्याचे वर्णन केले. परीक्षानळीत फुकॉयडन रक्त गोठण्याचा वेग कमी करतो आणि दाहाचे काही संकेत अडवतो. मोनोस्ट्रोमा या हिरव्या शेवाळात रॅम्नन सल्फेट नावाची दुसरी साखळी असते. तिची रचना धमनीच्या आवरणातल्या साखळ्यांशी मिळतीजुळती असल्याने ती झिजलेल्या आवरणाला आधार देईल, अशी कल्पना मांडली गेली. अमेरिकेतील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रॅम्नन सल्फेट दिलेल्या उंदरांच्या धमन्यांत गाठी कमी झाल्या आणि दाहही कमी दिसला.

हे काम चांगले आहे. पण हे उंदीर साधे उंदीर नव्हते. साध्या उंदराला धमनीकाठिण्य होतच नाही. म्हणून त्याचे एक जनुक काढून टाकतात, त्याला भरपूर चरबीचे खाद्य देतात आणि काही आठवड्यांत त्याच्या धमन्या बिघडवतात. माणसाच्या धमनीत चार दशकांत जे घडते ते उंदरात तीन महिन्यांत घडवलेले असते. या नमुन्यात यशस्वी ठरलेले आणि माणसात अपयशी ठरलेले पदार्थ इतके आहेत की हृदयरोगतज्ज्ञ उंदरांच्या बातम्यांवर आता सहसा उडी मारत नाहीत.

दुसरी अडचण पोटाची. हेपॅरिन गोळीच्या रूपात का मिळत नाही? कारण ते इतके मोठे आणि विद्युतभारित असते की आतड्यातून रक्तात जातच नाही. ते सुईनेच द्यावे लागते. फुकॉयडनचा रेणूही अवाढव्य. तोंडावाटे घेतला तर त्याचा फार थोडा अंश रक्तात पोहोचतो. परीक्षानळीत रक्तावर थेट ओतलेल्या फुकॉयडनचा गुण कॅप्सूलमधल्या फुकॉयडनला आपोआप लागू होत नाही. जाहिरातीत ही पायरी गाळलेली असते.

याच फुकॉयडनला युरोपातल्या संशोधकांनी वेगळेच काम दिले आहे. धमनीत गुठळी होऊ लागली की तिथल्या पेशींवर पी-सिलेक्टिन नावाचे प्रथिन डोके वर काढते आणि फुकॉयडन त्याला घट्ट चिकटतो. म्हणून फुकॉयडनला किरणोत्सारी टेक्नेशियम जोडून तो शिरेतून द्यायचा आणि स्कॅनमध्ये गुठळी कुठे चमकते ते पाहायचे, अशी ही पद्धत. निरोगी स्वयंसेवकांवर तिची प्राथमिक चाचणीही झाली आहे. शेवाळ धमनीचे रक्षण करील की नाही हे सांगता येत नाही. पण धमनीतला धोका हुडकून देणारा खबऱ्या म्हणून ते आधी रुग्णालयात पोहोचण्याची शक्यता अधिक वाटते.

ताटातले शेवाळ

प्रयोगशाळा बाजूला ठेवून शेवाळ खाणाऱ्या माणसांकडे पाहिले तर चित्र जरा उजळते. जपानमध्ये ४० ते ६९ वयोगटातील सुमारे ८६ हजार स्त्री-पुरुषांच्या आहाराची नोंद ठेवून त्यांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शेवाळ जवळपास रोज खाणाऱ्या पुरुषांत हृदयाच्या धमन्यांचा आजार ते जवळपास न खाणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळला. स्त्रियांत हा फरक ४४ टक्के होता. पक्षाघाताच्या बाबतीत मात्र ठोस फरक दिसला नाही.

८६ हजार ही संख्या मोठी आहे आणि फरकही. तरी हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, चाचणी नव्हे. जपानमध्ये रोज शेवाळ खाणारा माणूस बहुधा रोज मासे, सोयाबीन आणि भाज्याही खातो. पारंपरिक पद्धतीने जेवतो. संशोधक गणिताने या गोष्टी वेगळ्या काढण्याचा प्रयत्न करतात, पण सगळे धागे सुटत नाहीत. शिवाय त्या लोकांनी शेवाळ खाल्ले होते, त्याचा अर्क नव्हे. सूपमध्ये, भाताभोवती, सॅलडमध्ये, आणि लहानपणापासून.

आणखी एक मजेशीर फरक २०१० मध्ये पुढे आला. सुशीभोवती गुंडाळतात त्या नोरी शेवाळातली साखर पचवणारी जनुके फ्रान्समधील संशोधकांना जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंत सापडली. समुद्रातल्या जिवाणूंकडून ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या आहारातून आतड्यातल्या जिवाणूंना मिळाली असावीत. तुलनेसाठी तपासलेल्या अमेरिकी लोकांत ती आढळली नाहीत. बाजरीची भाकरी आणि मटकीच्या उसळीवर पोसलेल्या पोटात तेच शेवाळ तसेच पचेल, असे गृहीत धरता येणार नाही.

शेवाळाचा एक गुण मात्र असा आहे की ज्याबद्दल फारसा वाद नाही. तपकिरी शेवाळातला अल्जिनेट हा विरघळणारा तंतू आहे. तो आतड्यात जेलीसारखा फुगतो आणि पित्तातल्या आम्लांना धरून बाहेर नेतो. नवे पित्त बनवण्यासाठी यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते, त्यामुळे एलडीएल थोडे उतरते. पण हे काम करायला समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही. इसबगोल हेच करते. ओट्समधला बीटा-ग्लुकन हेच करतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ओट्सबाबत १९९७ मध्ये आणि इसबगोलाबाबत १९९८ मध्ये हृदयविकाराचा धोका कमी होण्याचा दावा छापायला परवानगी दिली, तीही प्रमाण ठरवून: दिवसाला ओट्सचा ३ ग्रॅम आणि इसबगोलाचा ७ ग्रॅम विरघळणारा तंतू. फायदा माफकच, पण माणसांवर तपासलेला. किराणा दुकानातला इसबगोलाचा पुडा आणि शेवाळाची आयात कॅप्सूल यांच्या किमतींची तुलना ज्याने त्याने करावी.

नाशिकने आधीच पाहिलेला खेळ

नैसर्गिक घटक, धमन्या आणि मोठी आशा ही गोष्ट नाशिकला नवीन नाही. द्राक्षाच्या सालीत रेझ्व्हेरॅट्रॉल नावाचे द्रव्य असते. ते माणसासाठी नसते. डावणीसारख्या बुरशीने हल्ला केला की वेल स्वतःच्या बचावासाठी ते तयार करते. शेवाळाचा आणि द्राक्षाचा सांधाही इथेच जुळतो. फ्रान्समधील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की तपकिरी शेवाळातला लॅमिनारिन हा घटक द्राक्षवेलीला दिला की वेलीला हल्ला झाल्याचा भास होतो, तिची संरक्षण यंत्रणा जागी होते आणि पानांत रेझ्व्हेरॅट्रॉल व त्याची भावंडे तयार होऊ लागतात. सीवीडचा अर्क वेलीला ताण सोसायला मदत करतो, या बागायतदारांच्या अनुभवामागे असेही एक कारण असू शकते.

या रेझ्व्हेरॅट्रॉलची कीर्ती शेतातून नव्हे, टीव्हीवरून पसरली. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी, हे कोडे नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका लोकप्रिय कार्यक्रमात मांडले गेले आणि उत्तर म्हणून रेड वाइनचा पेला पुढे करण्यात आला. तिथे वाइनची विक्री झपाट्याने वाढली. १९९२ मध्ये फ्रेंच संशोधक सर्ज रेनॉ यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि ‘फ्रेंच विरोधाभास’ हा शब्द रूढ झाला. त्याच वर्षी वाइनमध्ये रेझ्व्हेरॅट्रॉल असल्याचे दाखवणारे कामही प्रसिद्ध झाले. पुढे नाशिकमध्ये वाइन उद्योग उभा राहिला, तेव्हा ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ हे वाक्य त्याच्यासोबतच आले आणि ते आजही ऐकू येते.

२००६ मध्ये ‘नेचर’मध्ये उंदरांवरचा प्रयोग आला. जाड उंदरांना रेझ्व्हेरॅट्रॉल दिल्यावर ते अधिक काळ जगले. त्यांना दिलेली मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे २२ मिलिग्रॅम होती. ६० किलोच्या माणसाला सरळ त्याच हिशेबाने १,३०० मिलिग्रॅमहून अधिक लागेल. रेड वाइनच्या लिटरमध्ये काही मिलिग्रॅमच रेझ्व्हेरॅट्रॉल असते. लिटरला ५ मिलिग्रॅम धरले तरी रोज अडीचशेहून अधिक लिटर वाइन! हा साधा गुणाकार त्या काळात फार थोड्यांनी केला. ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या बड्या औषध कंपनीने २००८ मध्ये या द्रव्यावर काम करणारी छोटी कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली आणि २०१० मध्ये रेझ्व्हेरॅट्रॉलवर आधारलेल्या औषधाचा विकास थांबवला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाने आपल्याच एका संशोधकाच्या कामात आकडे व चित्रे बनावट असल्याचे १४५ प्रकार आढळल्याचे जाहीर केले. त्याचे बरेचसे काम रेझ्व्हेरॅट्रॉल आणि हृदय यावरच होते.

शेवटचा घाव वाइनच्याच देशातून आला. इटलीतल्या कियांती प्रांतात ६५ वर्षांवरील ७८३ जणांच्या लघवीतले रेझ्व्हेरॅट्रॉलचे अंश मोजून त्यांचा नऊ वर्षे पाठपुरावा केला गेला. ते कोणी गोळ्या घेणारे नव्हते. नेहमीच्या जेवणातून जेवढे मिळेल तेवढे. २०१४ मध्ये निष्कर्ष आला: ज्यांच्या शरीरात हे द्रव्य जास्त होते त्यांच्यात ना मृत्यू कमी झाले, ना हृदयविकार, ना कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेने तर जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले की आरोग्याला धोका नाही अशी मद्याची कोणतीही मात्रा नाही.

द्राक्षे यामुळे वाईट ठरत नाहीत. फळ म्हणून ती उत्तमच आहेत. बाद झाला तो एकच दावा, फळातून एक रेणू उचलून त्याच्या गळ्यात घातलेला. शेवाळाची कॅप्सूल आज त्याच रस्त्यावर, फार तर २००६ च्या मुक्कामी आहे.

बुरशीतून आलेले औषध

‘नैसर्गिक’ म्हटले की डॉक्टर नाक मुरडतात, अशी तक्रार असते. पण धमन्यांचे आजवरचे एक सर्वांत यशस्वी औषध निसर्गातूनच आले आहे. टोकियोच्या सान्क्यो कंपनीत काम करणारे अकिरा एन्डो यांनी १९७१ पासून सुमारे सहा हजार बुरशी एकामागून एक तपासल्या. कोलेस्टेरॉल बनवणारे यकृतातले यंत्र रोखणारे द्रव्य त्यांना हवे होते. ते १९७३ मध्ये सापडले, क्योटोतल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत. त्या पहिल्या द्रव्याचा विकास कुत्र्यांवरील दुष्परिणामांच्या शंकेने १९८० मध्ये थांबला. दुसऱ्या बुरशीतून मिळालेले त्याचे भावंड, लोव्हास्टॅटिन, १९८७ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आले. तरीही बऱ्याच डॉक्टरांच्या मनात शंका होती. कोलेस्टेरॉलचा आकडा उतरतो हे मान्य, पण त्याने माणूस जगतो का?

याचे उत्तर १९९४ मध्ये मिळाले. स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. पाच वर्षांहून अधिक काळानंतर पोकळ गोळी घेणाऱ्यांत २५६ मृत्यू झाले होते, स्टॅटिन घेणाऱ्यांत १८२. त्या ७४ माणसांच्या फरकाने वाद मिटला.

बुरशी तपासायला सुरुवात झाल्यापासून या आकड्यांपर्यंत २३ वर्षे गेली. शेवाळाच्या कोणत्याही घटकाबाबत अशी चाचणी, म्हणजे हजारो माणसे, काही वर्षे आणि झटके व मृत्यू मोजलेले, आजवर झालेली नाही. ज्या मानवी चाचण्या झाल्या त्या लहान आणि थोड्या मुदतीच्या आहेत. त्यांत मोजले गेले ते कोलेस्टेरॉल, रक्तदाब किंवा दाहाचे आकडे. आपल्याकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने शेवाळापासून कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह यांसाठीचे अर्क ‘कॅडलमिन’ या नावाने विकसित केले आहेत. सरकारी संस्थेने गांभीर्याने केलेले हे काम आहे आणि भारतीय शेवाळाला त्यातून मोल मिळाले तर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर शेवाळ गोळा करून पोट भरणाऱ्या बायांचेही भले होईल. पण अशा अर्काकडे पूरक म्हणून पाहायचे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीच्या जागी तो घ्यायचा नाही. हृदयरुग्णाने ‘नैसर्गिक उपाय सापडला’ म्हणून स्टॅटिन आपल्या मनाने बंद करणे, हा या साऱ्या प्रकारातला सर्वांत मोठा धोका.

बाकीचे धोके लहान, पण खरे आहेत. पहिला आयोडीनचा. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. आपल्या घरातल्या आयोडीनयुक्त मिठात ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असावे असा नियम आहे. कोम्बू जातीच्या सुक्या तपकिरी शेवाळाच्या एका ग्रॅममध्ये दीड-दोन हजार मायक्रोग्रॅम आयोडीन असू शकते, म्हणजे शंभर ग्रॅमहून अधिक मिठात असावे तेवढे. थायरॉइडचा त्रास असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी केल्पच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. थायरॉइडची पातळी बिघडली तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. म्हणजे हृदयासाठी घेतलेली गोळी हृदयावरच उलटायची.

दुसरा धोका रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा. ज्यांना स्टेंट बसवला आहे, झडप बदलली आहे किंवा ज्यांना वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन चालू आहे, त्यांनी फुकॉयडनचे प्रयोग स्वतःवर करू नयेत. शेवाळातले व्हिटॅमिन के वॉरफरिनचा परिणाम कमी करू शकते आणि गंधकयुक्त साखळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. दोन्ही बाजूंनी गोंधळ. दात काढायचा किंवा शस्त्रक्रिया करायची असेल तर अशी कॅप्सूल चालू असल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. ‘औषधे कोणती घेता?’ या प्रश्नाच्या उत्तरात लोक अशा कॅप्सूल सहसा धरत नाहीत.

तिसरा धोका जड धातूंचा. शेवाळ समुद्रातले जे असेल ते शोषून घेते. हिजिकी या जपानी शेवाळात अकार्बनी आर्सेनिक इतके आढळले की ब्रिटनच्या अन्न यंत्रणेने २००४ मध्ये ते खाऊच नये असा सल्ला दिला. याच कारणासाठी एक गोष्ट बागायतदारांना सांगायला हवी. शेडमधल्या कॅनवर ‘सेंद्रिय’, ‘समुद्री शेवाळ अर्क’ असे लिहिलेले असले तरी तो माल पिकासाठी आहे. माणसाच्या पोटासाठी तपासलेला नाही. वेलीला टॉनिक म्हणून दिलेला द्रव पाण्यात दोन थेंब टाकून पिण्याचा मोह कोणालाही होऊ नये.

कॅप्सूल घ्यायचीच असेल तर डबा उलटून पाहावा. शेवाळाची जात कोणती, एका कॅप्सूलमध्ये आयोडीन किती, जड धातूंची तपासणी झाली आहे का, हे तिथे असायला हवे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असेल. पण तो परवाना अन्नपदार्थाचा आहे, औषधाचा नव्हे. अशा पूरक पदार्थांच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे नियमानुसार बंधनकारक आहे. जाहिरात धमन्यांबद्दल काहीही म्हणो, डब्यावर हे वाक्य उत्पादकाला स्वतःच छापावे लागते.